भाडेकरू काढण्याचा खर्च आणि 30 टक्क्यांचं कोडं

एक कल्पित उदाहरण घेऊ. अलिबागमधलं घर महिना 10,000 रुपये भाड्यानं दिलंय. भाडेकरूनं वर्षातले शेवटचे सहा महिने भाडं थकवलं. घर रिकामं करून घ्यायला वकील आणि कोर्ट मिळून 50,000 गेले. हा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो का?

1961 च्या आयकर कायद्याचं उत्तर आहे: नाही. कलम 24 मध्ये दोनच वजावटी आहेत, वार्षिक मूल्याच्या सरसकट 30 टक्के आणि घरासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज. रंग काढा, कोर्टात जा किंवा काहीच करू नका, 30 टक्के ठरलेले. 2025 च्या नव्या कायद्यातही ते तसेच आहेत. आम्हा सायन्सवाल्यांच्या भाषेत हा स्थिरांक. प्रत्यक्ष खर्च समीकरणात येतच नाही. यात सोय आहे, हे मान्य. पावत्या नकोत, वाद नकोत.

माझा आक्षेप पुढे आहे. थकलेलं भाडं उत्पन्नातून वगळायचं, तर 1962 च्या आयकर नियमांतला नियम 4 अटी घालतो. भाडेकरू गेलेला हवा किंवा त्याला काढायची पावलं उचललेली हवीत. वसुलीसाठी कायदेशीर कारवाईही हवी. ती निष्फळ ठरेल असं वाटत असेल तर तसं अधिकाऱ्याला पटवायचं. म्हणजे नियम सांगतो ‘कोर्टात जा’, आणि कलम म्हणतं ‘खर्च तुझा तू बघ’.

आता आकडे मांडू (घरपट्टी बाजूला ठेवू). पूर्ण भाडं 1,20,000, त्यावर वजावट 36,000. थकलेले 60,000 वगळले की वजावट उरते 18,000. ज्या वर्षी खर्च सर्वांत जास्त, त्याच वर्षी वजावट निम्मी! सरासरीवर बेतलेलं मॉडेल टोकाच्या केसमध्ये असं फसतं.

मालमत्ता विकताना मात्र शीर्ष बदलतं आणि उत्तरही बदलू शकतं. मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात (242 आयटीआर 582, सन 2000) जमिनीवरच्या झोपडीधारकांना हटवण्यासाठी दिलेली रक्कम ‘सुधारणेचा खर्च’ धरली, कारण जमीन मोकळी झाली की तिची किंमत वाढते. पण ती भरपाई होती, वकिलाची फी नव्हे. त्यामुळे हा निकाल आपल्या उदाहरणाला थेट चिकटवू नका.

माझं मत असं: नियम जी कारवाई करायला लावतो, निदान तिचा खर्च तरी वेगळा वजा व्हावा. रिसर्चचा प्रश्न लिहिताना मात्र ‘खर्च वजा होतो का?’ एवढंच विचारून थांबू नका. कुठल्या शीर्षाखाली आणि कुठल्या वर्षी, हे प्रश्नातच यायला हवं.