ययातीच्या प्रेमाचा हिशोब कुणी चुकता केला?

ययातीचं नाव काढलं की आपल्याकडं एकच शब्द पुढं येतो: वासना. कीर्तनात त्याचा दृष्टांत येतो तो भोगानं भूक भागत नाही हे सांगायला. कॉलेजात वि. स. खांडेकरांची 'ययाति' (1959) अभ्यासाला असली की उत्तरपत्रिकेतही बहुतेक हेच उतरतं. ते चूक आहे असं नाही. पण हा माणूस नुसता कुणाचा नवरा नव्हता, हस्तिनापूरचा राजा होता. माझ्या पीएच.डी.चा विषय मराठी पौराणिक कादंबऱ्यांतले राजविवाह हा आहे, म्हणून मला तिथं वेगळाच प्रश्न दिसतो. राजानं चोरून प्रेम केलं, तर त्याची भरपाई कोण करतं?

'तू नेमकं करतोस काय?' असं हदगावात बरेच जण विचारतात. सोप्या भाषेत सांगतो. अशी गोष्ट हातात आली की मी तिला तीन प्रश्न विचारतो. लग्नामागं करार काय होता? तो कुणी मोडला? आणि नुकसान कुणाच्या अंगावर आलं? प्रेम खरं होतं का खोटं, हे मी आधी बघतच नाही.

आता महाभारताच्या आदिपर्वातली मूळ कथा या तीन प्रश्नांनी वाचून बघू.

असुरांचा राजा वृषपर्वा. त्याचं सगळं बळ गुरू शुक्राचार्यांवर, कारण मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या त्यांच्याकडं. एके दिवशी राजकन्या शर्मिष्ठा आणि गुरुकन्या देवयानी यांचं कपड्यांवरून भांडण होतं आणि शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते. तिला हात देऊन वर काढतो तो ययाती. इकडं शुक्राचार्य राज्य सोडून निघतात. ते गेले तर असुरांचं राज्य संपलं. मग देवयानीची अट मान्य होते: शर्मिष्ठेनं तिची दासी व्हावं. शर्मिष्ठा आपल्या कुळासाठी ते पत्करते. म्हणजे बघा, प्रेमाचा 'प्र' सुद्धा यायच्या आधी एका मुलीचं आयुष्य तहात गहाण पडलेलं आहे.

पुढं देवयानी ययातीला लग्नाचं विचारते. तो शुक्राचार्यांना घाबरतो, टाळायला बघतो. शुक्राचार्यच परवानगी देतात, पण एक अट घालून: शर्मिष्ठेला मानानं वागव, शेजेवर बोलावू नकोस. हा झाला करार. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला त्या काळातली सगळ्यात मोठी ताकद.

आणि ययाती तो मोडतो. इथं आपण पटकन 'मोहात पडला' म्हणतो आणि पुढं जातो. मूळ प्रसंग मात्र थांबून वाचायला हवा. शर्मिष्ठा त्याच्याकडं येते तेव्हा ययाती स्वतःच शुक्राचार्यांच्या अटीची आठवण काढतो. काही प्रसंगी खोटं बोललं तर पाप लागत नाही, असा युक्तिवाद ती करते. त्यावर तो म्हणतो की राजाचं वागणं प्रजेला प्रमाण असतं, राजा खोटं बोलला तर त्याचा नाश होतो. म्हणजे गड्याला सगळं कळत होतं. राजकीय परिणाम त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितला, आणि मग ऐकलं नाही ते स्वतःचंच.

यात शर्मिष्ठेला दोष देणं मला पटत नाही. तिला मूल हवं होतं, आणि तिला बांधणारा करार तिच्या आयुष्याचा होता, पण तो ठरवला दुसऱ्यांनी. ययातीला तो अन्यायाचा वाटला असता तर शुक्राचार्यांकडं जाऊन 'ही अट बदला' म्हणायचा मार्ग होता. राणीला सांगायचा मार्ग होता. अवघड होता, पण होता. त्यानं तिसरा मार्ग निवडला: गुपचूप राहायचं. शर्मिष्ठेला तीन मुलं झाली तरी गप्पच. देवयानीला कळलं ते त्या पोरांनीच बापाकडं बोट दाखवलं तेव्हा. मला खटकतं ते प्रेम नाही, ही वर्षानुवर्षांची लपवाछपवी.

'गेम ऑफ थ्रोन्स' बघितलेल्यांना इथं रॉब स्टार्क आठवेल. एका सरदाराच्या मुलीशी लग्न करायचं वचन देऊन तो मोक्याचा पूल ओलांडतो आणि नंतर मनासारखं लग्न दुसरीशी करतो. त्या सरदारानं लग्नघरातच घडवलेल्या कत्तलीत तो स्वतः, त्याची आई, बायको आणि सैन्य सगळं जातं. त्याचा निर्णय अविचारी होता, पण निदान त्यानं ते लग्न लपवलं नाही आणि त्याची किंमत मोजताना तो स्वतः तिथं होता. ययातीची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते, कारण त्याला किंमत दुसऱ्याच्या नावावर टाकायची सोय मिळते.

शुक्राचार्य शाप देतात, म्हातारपण येतं. ययाती गयावया करतो, तेव्हा ते म्हणतात की कुणी आपलं तारुण्य दिलं तर घे, आणि जो मुलगा देईल तोच राजा होईल. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू चौघं नाही म्हणतात. बाप त्या चौघांनाही शाप देतो. यदूला सांगतो, तुझ्या वंशाला राज्याचा वाटा नाही. धाकटा पूरू हो म्हणतो आणि ऐन तारुण्यात म्हातारा होतो. करार मोडला बापानं. एकाचं तारुण्य गेलं, थोरल्याचं राज्य गेलं.

एक प्रसंग मला या कथेचा कणा वाटतो. पूरूला गादी द्यायची वेळ आली तेव्हा प्रजा राजाकडं येते आणि विचारते: शुक्राचार्यांचा नातू, देवयानीचा थोरला मुलगा यदू असताना धाकट्याला राज्य कसं काय? ययातीला उत्तर द्यावं लागतं. तो शुक्राचार्यांच्या वराकडं बोट दाखवतो आणि लोक गप्प होतात. ते पटून गप्प झाले का शुक्राचार्यांच्या नावाला घाबरून, हे तुम्हीच ठरवा. पण जाब विचारला गेला.

यदूची गोष्ट तिथं संपली नाही. आपल्या मराठवाड्यातलाच पुरावा बघा. नांदेडहून ज्या नावाची गाडी मुंबईला जाते त्या देवगिरीचे यादव स्वतःला यदूचे वंशज म्हणवत. शापानं ज्याचा हक्क काढला, त्याच्याच नावावर पुढं एका घराण्यानं राज्याचा हक्क सांगितला. वारसा असा घरच्या भांडणात फिरवला की त्याचे धागे फार लांबवर जातात.

आता खांडेकरांकडं येऊ. त्यांनी ययातीला आजच्या भोगवादी माणसाचा प्रतिनिधी केलं. 'ययाति'ला ज्ञानपीठ मिळालं (1974), आणि कादंबरीची ताकद कुणी नाकारत नाही. पण कथा सांगतात ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. तिघंही राजवाड्यातले. त्यामुळं हस्तिनापूरची प्रजा आपल्याला दिसते ती या तिघांना दिसेल तेवढीच. निवेदक निवडला की सहानुभूतीची वाटणीसुद्धा होऊन जाते, असं मी माझ्या प्रकरणात मांडतोय ते यावरूनच. मन तीन दिशांनी उघडतं, राज्य मात्र मागं सरकतं.

साधारण त्याच काळात गिरीश कार्नाडांनी कन्नडमध्ये 'ययाती' नाटक लिहिलं (1961). त्यांनी पूरूची बायको चित्रलेखा उभी केली. नवरा एका रात्रीत म्हातारा झालेली ही मुलगी सासऱ्याला तोंडावर जाब विचारते आणि शेवटी विष घेते. भरपाई करणाऱ्यांच्या यादीत एक नाव आधी कुणी धरलंच नव्हतं, ते कार्नाडांनी धरलं.

'प्रेमकथेला राजकारणाचा काटा कशाला लावता?' असं मला एका चर्चासत्रात विचारलं गेलं. माझं म्हणणं इतकंच की तो काटा मी आणलेला नाही, ययातीनंच आणला. राजाचं वागणं प्रजेला प्रमाण असतं, हे त्याचं वाक्य. त्याच मापानं त्याला तोलायला काय हरकत आहे?

घरात 'ययाति'ची जुनी प्रत असेल तर एक करून बघा. हातात पेन्सिल घ्या आणि राजवाड्याबाहेरचा माणूस जिथं जिथं बोलतो तिथं खूण करा. मग खुणा मोजा.