पुराण मागणारा श्रोता

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव निघाले की आमच्या सभा-संमेलनांतून मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या चार ओव्या हटकून म्हटल्या जातात. टाळ्या पडतात आणि ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा कपाटात जाते. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाची बोळवण अशी चार ओव्यांवर व्हावी, हे आम्हांस नेहमीच खटकत आले आहे. त्या ओव्यांतून कवीचे भाषाप्रेम दिसते, हे खरे. परंतु हा मनुष्य आपल्या कळपाचा पाळक कसा होता, हे पाहावयाचे असेल तर ग्रंथातील दुसऱ्या दोन जागा वाचावयास हव्यात. पहिली जागा प्रारंभीच्या अवस्वरातील संवादाची, तर दुसरी गद्य प्रस्तावनेची.

इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात १५४९च्या सुमारास जन्मलेले स्टीफन्स १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. मधली बहुतेक वर्षे त्यांनी साष्टीत काढली. (ही साष्टी गोव्याची, आमच्या वसई-ठाण्याकडील वाचकांनी आपली समजू नये.) येऊन चार वर्षे होतात न होतात तोच, १५८३ साली भावाला धाडलेल्या पत्रात त्यांनी इकडच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशी ताडून पाहिली आहे. राज्यकर्त्यांच्या गलबतातून आलेला हा परदेशी धर्मगुरू प्रथम विद्यार्थी म्हणून खाली बसला, एवढे त्यावरून कळते.

आता त्या संवादाकडे वळू. एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीगुरूंपुढे आपले गाऱ्हाणे मांडतो. त्याचा आशय असा की, आमची पूर्वीची पुराणे वाचण्यास तुम्ही मनाई केलीत. मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत एखादे पुराण आम्हांस का देत नाही? आमच्या मते सबंध ग्रंथाचे बीज या प्रश्नात आहे. हा प्रश्न गोड नाही. त्यात मागणी आहे, तसा आरोपही आहे. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरावली घोका, तेवढी तुम्हांस पुरे, असे उत्तर देणे पाद्रीगुरूंना सहज शक्य होते. अधिकार त्यांच्याच हाती होता. पण तसे घडले नाही. श्रोत्याला काय द्यावे ते पाळकाने ठरविलेले असले, तरी ते कोणत्या रूपात द्यावे हे श्रोत्याने ठरविले आणि पाळकाने ते मानले. ओवी आली, पुराणकथनाची रीत आली, मध्येच प्रश्न करणारे श्रोते आले. १६१६ साली रायतूरला जे छापून निघाले, ते एका माणसाच्या तक्रारीला दिलेले हजारो ओव्यांचे उत्तर होय.

गद्य प्रस्तावना आम्हांस याहूनही मोलाची वाटते. या देशीच्या भाषांपैकी मराठी ही देवाच्या गोष्टी सांगावयास योग्य म्हणून निवडली, असे तेथे कवी सांगतो. मात्र निर्भेळ मराठी मध्यम लोकांना उमगत नाही म्हणून मागील कवींचे बरेचसे शब्द आपण सोडले आणि ब्राह्मणांच्या चालू बोलीतील शब्द मिसळून काव्य सोपे केले, हेही तो तेथेच नोंदवितो. जड शब्द त्याला येत नव्हते असे नव्हे. इतक्या कष्टाने कमावलेले शब्दधन समोरच्या माणसासाठी खाली ठेवणे सोपे नसते. प्रभूने शिष्यांचे पाय धुण्यापूर्वी अंगरखा उतरवून ठेवला होता, त्याची आठवण आम्हांस ही प्रस्तावना वाचताना होते. पवित्र गुरुवारी वर्षातून एकदा बारा जणांचे पाय धुणारे आम्ही धर्मगुरू उरलेले रविवार कोणत्या भाषेत बोलतो? घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी आजी पहिल्या बाकावर बसलेली असते आणि व्यासपीठावरून ‘अस्तित्ववादी परिप्रेक्ष्य’ ऐकू येते. सेमिनरीने शिकविलेले सेमिनरीतच ठेवून यावे असे आम्ही म्हणत नाही. ते तिच्या भाषेत उतरवून आणावे, एवढेच म्हणणे आहे.

आता लवचीकपणा म्हणजे वाटेल तसे वाकणे नव्हे, हेही या ग्रंथाच्या शब्दकळेत दिसते. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द स्टीफन्स बिनदिक्कत घेतात. बाप्तिस्मा, क्रूस, पवित्र आत्मा यांच्यासाठी मात्र ते पोर्तुगीज वळणाचे शब्द तसेच ठेवतात. पहिल्या ठिकाणी श्रोत्याची ओळख त्यांना उपयोगी वाटली. दुसऱ्या ठिकाणी जुन्या शब्दाबरोबर जुना अर्थ चिकटून येईल अशी धास्ती असावी. या निवडी सर्वत्र सारख्याच नेमक्या आहेत असे नाही. काही ओव्यांत परके शब्द खड्यासारखे लागतात. तरी कोठे वाकावे आणि कोठे उभे राहावे याचा विचार शब्दागणिक केलेला आढळतो, आणि तोच आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

येथवर स्तुती झाली. पण टीकाकाराने ग्रंथापुढे गुडघे टेकूनच बसावे असे नाही. या पुराणातील श्रोते प्रश्न विचारतात. परंतु पाद्रीगुरू कधी निरुत्तर होत नाहीत. दर वेळी शंका फिटते, मंडळी समाधान पावते. प्रत्यक्ष साष्टीत इतके समाधान नव्हते. १५६७ साली रायतूरच्या कप्तानाने तेथील देवळांचा विध्वंस केला होता. १५८३ साली कुंकळ्ळीला फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार जेझुइट सोबती मारले गेले. स्टीफन्स यांच्या परिसरातली, त्यांच्या हयातीतली ही घटना. पुराणे काढून घेतली, ही तक्रार ग्रंथात एकदा उमटते. ती पुराणे काढून घेणे योग्य होते काय, हा प्रश्न मात्र तेथे कोणी विचारीत नाही. ज्याच्या पाठीशी तलवार उभी आहे त्याची नम्रता खरी असली तरी पूर्ण असू शकत नाही, असे आमचे मत आहे. काही वाचकांना हे कठोर वाटेल. त्यांनी पहिला अवस्वर त्या ब्राह्मणाच्या बाजूने एकदा वाचून पाहावा.

आणि तरीही तो श्रोता उठून गेला नाही. रायतूरच्या मुद्रणालयाजवळ देवनागरी खिळे नव्हते. अक्षरांची सहाशेच्या घरातील संख्या हीच मोठी अडचण, असे १६०८ साली स्टीफन्स यांनी रोमला कळविले होते. अखेर मराठी काव्य रोमन लिपीत छापले गेले. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांतील एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. पण मंगळूरकडील कुटुंबांनी हाताने नकला उतरून घेतल्या होत्या, वाचल्या, गायल्या, मुलांच्या हाती दिल्या. १९०७ साली जोसेफ साल्ढाना यांनी जी आवृत्ती छापली, ती त्या घरांतून मिळालेल्या हस्तलिखितांवरून.