दोन पुस्तकं, एकच ऑपरेशन

आजारपणाची पुस्तकं आपण पुष्कळ वाचतो. त्यांतला माणूस आपल्या लक्षात राहतो, आजार मात्र राहत नाही. म्हणून आज दोनच पुस्तकं घेतो. एक, वॉल्टर आयझॅक्सन यांचं २०११ सालचं स्टीव्ह जॉब्सचं चरित्र. दुसरं, रँडी पॉश या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकानं जेफ्री झॅस्लो यांच्यासोबत लिहिलेलं ‘द लास्ट लेक्चर’, २००८ सालचं.

दोघांच्याही स्वादुपिंडात गाठ. पॉशचं निदान सप्टेंबर २००६ मध्ये झालं आणि त्याच महिन्यात त्याची व्हिपल शस्त्रक्रिया झाली. जुलै २००८ मध्ये तो गेला. जॉब्सला ऑक्टोबर २००३ मध्ये कळलं. त्यानं नऊ महिने ऑपरेशन टाळलं. फळांचे रस, अ‍ॅक्युपंक्चर, जडीबुटी सगळं करून पाहिलं. ३१ जुलै २००४ रोजी त्याच शस्त्रक्रियेचा थोडा सौम्य प्रकार त्याच्यावर झाला. आणि तो २०११ पर्यंत जगला. म्हणजे ज्यानं लगेच केलं तो दोन वर्षांत गेला, आणि ज्यानं टाळलं तो आठ वर्षं राहिला! ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचणाऱ्यानं काय समजायचं?

उत्तर साधं आहे. गाठ एकाच अवयवात होती, पण रोग दोन होते. जॉब्सची गाठ संप्रेरकं तयार करणाऱ्या पेशींची, हळू वाढणारी. पॉशची नेहमीची, पाचकरसाच्या नलिकांमधून उगवणारी. आपल्याकडे ‘स्वादुपिंडाचा कॅन्सर’ म्हटलं की बहुतेक वेळा ही दुसरीच असते.

आयझॅक्सन हे लपवत नाहीत. दुर्बिणीतून तुकडा काढला, तपासला, बरा होण्याजोगा प्रकार निघाला म्हणून डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, असा प्रसंगच ते देतात. पण पुढे चरित्रकाराला हट्टी नायक हवा असतो. मग रोगाचा प्रकार मागे पडतो आणि उरते ती ‘वेळेवर केलं असतं तर’ ही गोष्ट. आयझॅक्सन त्याला ‘कदाचित’ जोडतात. वाचक तो शब्द गाळून घरी नेतो. आणि मग ज्या घरात दुसऱ्या प्रकारचा रोग येतो, ज्यांनी एक दिवसही दवडलेला नसतो, ती माणसं स्वतःलाच बोल लावत बसतात. माझा आक्षेप आहे तो इथे.

एक श्रेय मात्र द्यायला हवं. ऑपरेशननंतरचं शरीर आयझॅक्सन यांना दिसलं आहे. व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनलिकेचा भाग आणि बहुधा जठराचा तुकडा जातो. मग स्वादुपिंड, पित्तनलिका, जठर असे तीन सांधे आतड्याला नव्यानं जोडायचे. पचनाचे रस कमी पडतात. थोडं थोडं, वारंवार, प्रथिनं भरपूर असं खावं लागतं. आणि आयुष्यभर उपासतापास, एकेकच फळ असले प्रयोग केलेला हा माणूस नेमकं तेच करायला तयार नव्हता. चरित्रातली ही पानं मला सर्वांत खरी वाटतात.

पॉश काय काय कापलं त्याची यादी एका वाक्यात उरकतो. त्याला स्वप्नांबद्दल बोलायचं आहे, ठीक. पण एक प्रसंग बघा. ऑगस्ट २००७. तपासणीच्या खोलीत संगणकावर त्याचेच रिपोर्ट उघडे असतात. डॉक्टर यायच्या आत तो आणि बायको यकृतातल्या गाठी मोजतात. वर्षभरापूर्वी ऑपरेशन ‘यशस्वी’ झालेलं असतं, तरीही. या रोगात शस्त्रक्रियेच्या मर्यादेवर एवढं बोलकं पान मी वाचलेलं नाही.

दोन्ही पुस्तकांबाहेर राहिले ते बहुसंख्य रुग्ण. निदान होतं तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांचंच ऑपरेशन करता येतं. बाकीच्यांत रोग पसरलेला तरी असतो, नाहीतर गाठीनं शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढलेलं असतं. गाठ वाहिनीला नुसती टेकलेली असेल तर हल्ली आधी काही महिने केमोथेरपी देतात, मग पुन्हा स्कॅन काढून ठरवतात. या थांबण्याला जॉब्सचं थांबणं समजू नका. ते उपचाराचंच अंग आहे. शेपटाकडच्या गाठीला व्हिपल लागत नाही, तिथे शेपूट आणि बहुधा प्लीहा काढतात. पूर्ण स्वादुपिंड काढलं तर जन्मभर इन्सुलिन. आणि काहीच काढता येत नसेल तर कावीळ उतरावी म्हणून पित्तनलिकेत स्टेंट घालतात. त्यालाही कमी लेखू नये.

आणखी एक, कुठल्याच नायकाला विचारावा न लागलेला प्रश्न: इथे वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, ही शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांच्या वर होतं; सर्वाधिक करणाऱ्यांत ४ टक्क्यांहून कमी. जॉब्स स्टॅनफर्डला गेला, त्याला हे विचारायची गरजच पडली नाही. तुम्हाआम्हाला पडेल.