सुई दिली, आजार झाला नाही. म्हणजे सुईने वाचवलं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला एक वाईट खोड होती. पेपर उघडला की थेट निष्कर्ष वाचायचा आणि वहीत उतरवायचा. तुमचंही तसंच होत असेल, तर आजचं उदाहरण नीट बघा.

विषय आहे गोचीडजन्य मेंदूज्वर, म्हणजेच टीबीई. युरोपपासून सायबेरिया ओलांडून जपानपर्यंत गोचिडींमुळे हा विषाणू पसरतो. त्यावर चांगली लस आहे. पण आजार झाल्यावर विषाणूवर चालणारं सिद्ध औषध नाही. मग लस न घेतलेल्या माणसाला गोचीड चावली, तर तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन द्यायचं का?

रशियात देतात. चावल्यापासून ४ दिवसांच्या आत, वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिली. ऑस्ट्रिया-जर्मनीतही पूर्वी असं इंजेक्शन मिळायचं, पुढे ते बंद झालं. आजार एकच आणि धोरणं एकदम उलटी!

आधी रशियाची बाजू घेऊ. ‘इतक्यांना सुई दिली, त्यातले फारच थोडे आजारी पडले,’ हा तिथला नेहमीचा युक्तिवाद. आता तुम्ही हिशोब करा. समजा १,००० जणांना गोचीड चावली आणि त्यातल्या २० गोचिडींतच विषाणू होता. त्या विसांनाही लागण झाली असं धरलं, तरी टीबीईची लागण झालेल्या बहुतेकांना लक्षणंच येत नाहीत. म्हणजे सुई न देताही ९९० हून जास्त लोक ठणठणीत राहिले असते. मग श्रेय कुणाचं? शिवाय पहिल्याच दिवशी दवाखाना गाठणारा आणि न जाणारा, ही माणसं मुळात सारखी असतात का?

आता युरोपची बाजू. सुई दिलेल्या काही मुलांचा आजार गंभीर झाल्याच्या नोंदी आल्या. शंका अशी होती, की अपुऱ्या अँटीबॉडी विषाणूला नुसत्या चिकटतात, त्याला निकामी करत नाहीत, उलट पेशीत शिरायला वाट करून देतात. शंका वाजवी आहे. पण प्रश्न तोच: सुई दिली नसती तर त्या मुलांचं काय झालं असतं? क्राइल आणि आइबल यांनी १९९७ साली उंदरांवर हे तपासलं. त्यांना संरक्षण दिसलं, आजार बळावलेला दिसला नाही. अर्थात उंदीर म्हणजे मूल नव्हे. म्हणून ‘सावधगिरी म्हणून थांबवलं’ हे मला पटतं, ‘हानी सिद्ध झाली’ हे पटत नाही.

२०२१ मध्ये अगुडेलो आणि सहकाऱ्यांचा पेपर ‘जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल मेडिसिन’मध्ये आला. माणसांच्या रक्तातून त्यांनी एकेक अँटीबॉडी वेगळी काढून तपासली. काम खरंच देखणं आहे. त्यातल्या काही अँटीबॉडी प्रयोगशाळेत क्यासनूर विषाणूलाही निष्प्रभ करतात. हा आपल्या सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरीत ज्याला माकडताप म्हणतात, त्याचा विषाणू. त्यामुळे हा पेपर आपल्यासाठीही दूरचा नाही.

पण इथे घड्याळ बघा. उंदराला लागण कधी झाली हे संशोधकाला माहीत असतं, आणि सुई लागणीनंतर लवकर दिली तर तो वाचतो. माणसाचं असं नसतं. चावल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी साधा ताप येतो, मग काही दिवस बरं वाटतं, आणि त्यानंतर काहींना मेंदूचा त्रास सुरू होतो. रुग्ण भरती होतो तोवर विषाणू मेंदूत पोचलेला असतो. म्हणजे पेपरात ज्याला ‘उपचार’ म्हटलंय, तो माणसाच्या बाबतीत ‘चावल्यानंतरचा प्रतिबंध’ ठरतो. भरती झालेल्या रुग्णाबद्दल तो फारसं काही सांगत नाही.

याचा निकाल लावायचा तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतील. आजारी पडणारे इतके कमी, की त्यासाठी हजारो लोक लागतील. आणि जिथे सुई रुळली आहे, तिथे ‘तुमच्या मुलाला कदाचित नुसतं मिठाचं पाणी मिळेल’ हे आईबापांना सांगणार कोण? पुरावा अडलाय तो इथे.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातला आवडता पेपर काढा आणि वहीत दोनच ओळी लिहा: हे केलं नसतं तर काय झालं असतं? आणि हे लेखकांना कसं कळलं? दुसरी ओळ कोरी राहिली, तर तिथून तुमचा संशोधन प्रस्ताव सुरू होऊ शकतो.