तीन आवाजांत मावलेले गाणे

दिवाळी अंकात नाट्यसंगीतावर लिहावे, अभंगांवर लिहावे, फार तर जुन्या चित्रपटगीतांवर लिहावे, असा आपला रिवाज. या वर्षी मी व्हिडिओ गेमच्या संगीतावर लिहितो आहे, तेव्हा जुन्या वाचकांची आधीच क्षमा मागतो. विषय मी शोधायला गेलो नव्हतो. तो माझ्या घरात येऊन बसला.

१९९० नंतरच्या काही वर्षांत आपल्याकडच्या पुष्कळ घरांत टीव्हीला जोडायचा एक खेळ आला होता. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राची ती स्वस्त नक्कल. वरून कॅसेट खुपसायची, की सुट्टीभर घरात टिर्रटिर्र चालू. दुपारची झोप मोडणाऱ्या त्या आवाजाला कोणी संगीत म्हटले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते. पुढे यंत्रे बदलली, खेळांना मोठाले वाद्यवृंद आणि गायकांचे ताफे मिळाले, आणि तो आवाज गेला. मला वाटले, सुटलो.

गेल्या वर्षी माझा भाचा आजच्या एका खेळातले भव्य गाणे नेमके त्याच जुन्या आवाजात बसवताना दिसला. संगणकाच्या पडद्यावर किर्द-खतावणीसारखे रकाने पाडलेले, आणि त्यांतून स्वर वरून खाली उतरत होते. मी म्हणालो, ‘‘अरे, शंभर वाद्ये हाताशी असताना ही पिपाणी कशाला?’’ मान वर न करता तो म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही आवाज ऐकताय. चाल ऐका की जरा.’’

पोराने मला माझ्याच धंद्यातली गोष्ट शिकवली. चाल आणि आवाज वेगळे करून ऐकावेत, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो; इथे मात्र आवाज ओळखीचा आणि नावडता निघाल्यावर चालीपर्यंत पोचलोच नाही. म्हणून हा प्रकार मुळापासून समजून घ्यायचे ठरवले.

याला चिपट्यून म्हणतात. फॅमिकॉमच्या चिपमध्ये पाच आवाज होते. त्यांतले दोन ‘पल्स’ जातीचे. लहरीचा वरचा भाग किती वेळ आणि खालचा किती वेळ, हे प्रमाण बदलले की त्यांचा पोत बदलतो. वरचा भाग फार थोडा ठेवला तर आवाज बारीक, नाकातून आल्यासारखा. दोन्ही भाग निम्मे-निम्मे केले तर पोकळ, बराचसा क्लॅरिओनेटच्या खालच्या सप्तकासारखा. तिसरा आवाज त्रिकोणी लहरीचा. त्याला लहान-मोठे होता येत नाही, तो एक तर असतो नाही तर नसतो; बहुधा खर्जाचे काम त्याच्याकडे. चौथा नुसता खरखरीचा, त्यातून ढोल-झांजांचे काम काढायचे. पाचवा आधी मुद्रित केलेले, बऱ्यापैकी ओबडधोबड तुकडे वाजवणारा. म्हणजे सुरात गाणारे असे खरे तीनच. त्यातही खेळातल्या उडीचे आणि फटक्याचे आवाज याच पाचांतून निघत. उडी मारली की संगीतातला एखादा आवाज क्षणभर उसना जाई.

एवढ्या सामग्रीत त्या काळच्या संगीतकारांनी संसार केला. कोजी कोंदो यांनी १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे संगीत केले ते याच पाचांत. अशा छोट्या चिपांवर लिहिणाऱ्यांनी युक्त्याही मोठ्या शोधल्या. तीन स्वरांचा मेळ एकाच आवाजात हवा असेल, तर ते तीन स्वर आळीपाळीने इतक्या झपाट्याने वाजवायचे की कानाला ते एकत्र वाटावेत. मोठ्या सभागृहातला प्रतिध्वनी हवा असेल, तर तीच चाल दुसऱ्या आवाजात किंचित उशिरा आणि हळू म्हणायची. आपल्या पेटीला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. ती मींड या चिपला येते. हे कळले तेव्हा मी थोडा वरमलो.

मात्र तेव्हाच्या संगीतकारांपुढे दुसरा रस्ता नव्हता. आजचे लोक मोठे गाणे मुद्दाम या तीन आवाजांत आणतात, ते का? याचे एक उत्तर खेळ बनवणाऱ्यांनीच दिले आहे.

२०१७ साली आलेल्या ‘निअर ऑटोमाटा’ या जपानी खेळाचे दिग्दर्शक योको तारो, संगीत प्रामुख्याने केइची ओकाबे यांचे. भग्न शहर, माणसे निघून गेलेली, आणि एमी इव्हान्स या गायिकेचा कुठल्याच खऱ्या भाषेत नसलेल्या शब्दांतला विलापाचा सूर. खेळता खेळता एक पात्र शत्रूयंत्राच्या डोक्यात शिरते. पडद्यावर साध्या भौमितिक आकृत्या उरतात, आणि त्याच क्षणी संगीत चिपच्या आवाजात जाते. गाणे थांबत नाही, पहिल्यापासून सुरूही होत नाही. जिथे होते तिथूनच, पाऊल न चुकवता, दुसऱ्या आवाजात पुढे चालते. यंत्राच्या आत हेच गाणे असे ऐकू येत असेल, असे आपल्याला वाटते. इथे लहान आवाज हा मोठ्या आवाजाच्या आतला आवाज झाला आहे. मला हे अलीकडच्या संगीत-योजनेतले फार समंजस काम वाटते.

त्याच वर्षीच्या ‘सुपर मारिओ ओडिसी’तही असा बदल आहे. मारिओ नळातून भिंतीत शिरतो, १९८५ सालचा सपाट मारिओ होतो, आणि त्या मुलखाचे संगीतही जुन्या चिपच्या रूपात वाजू लागते. भिंतीतून बाहेर आला की वाद्यवृंद परत. मौज वाटते, हसू येते. पण ही आजोबांचा फेटा घालून काढलेल्या फोटोसारखी गंमत आहे. फोटो छान येतो, आजोबांविषयी नवे काही कळत नाही. आवाज एकाच जातीचा असला तरी या दोन कामांत मला हा फरक दिसतो.

घरी बसून हौसेने हे काम करणाऱ्यांकडे ना भिंत असते, ना यंत्राचे डोके. त्यांच्याकडे फक्त मूळ गाणे असते. म्हणून त्यांची परीक्षा अधिक कडक घ्यावी. भाच्याने केलेली दोन गाणी इथे तपासतो. घरचे म्हणून सवलत नाही.

पहिले ‘स्कायरिम’ या २०११ सालच्या खेळाचे मुख्य गीत. संगीतकार जेरेमी सोल. पुरुषांचा मोठा गायक-समूह खेळासाठी रचलेल्या भाषेत घनगंभीर आवाजात गर्जतो. ऐकताना छाती दडपते. तीन आवाजांत तो समूह मावणे शक्यच नव्हते. भाच्याने तो आणण्याचा प्रयत्नच सोडून दिला. घोषाचा ठेका खरखरीच्या आवाजावर, खर्ज त्रिकोणी लहरीवर, आणि वर एकटी चाल. गर्जना गेली, शब्द गेले. मग एक गोष्ट स्पष्ट ऐकू आली. याच मालिकेतल्या ‘मॉरोविंड’ या २००२ सालच्या खेळाची चाल सोल यांनी या गीतात पुन्हा वापरली आहे. मूळ ऐकताना मी ती अर्धवटच ओळखली होती. समूहाचा दाट पडदा दूर झाल्यावर ती समोर येऊन उभी राहिली. या रूपाने मूळ गाण्याविषयी मला काही सांगितले. टीका म्हणून आपण जे लिहितो त्याने तरी याहून जास्त काय करावे?

दुसरे मात्र फसले होते. ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’, हाही २०१७ चाच खेळ. त्यात मोकळ्या माळावर हिंडताना संगीत जवळजवळ नसतेच. पियानोचे दोन-चार स्वर येतात, विरतात. मग वारा, गवत, बराच वेळ काही नाही. मग पुन्हा चार स्वर. मॅनाका काताओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे संगीत स्वरांइतकेच रिकाम्या जागांनी केलेले आहे. भाच्याने त्याखाली ठेका घातला, खर्ज चालता ठेवला, सगळ्या जागा भरून काढल्या. स्वर सगळे बरोबर होते, पण माळ गेला आणि तिथे बाजार भरला. मी ऐकलेल्या या संगीताच्या बऱ्याच चिप-रूपांत हाच दोष आहे.

दोष चिपचा म्हणावा, तर पियानोचा स्वर जसा विरतो तसा तिला विरवता येत नाही हे खरे. आवाज कमी करायला तिच्याकडे शांततेसकट सोळाच पायऱ्या आहेत. पण गप्प बसायला कुठली चिप लागते? शांतता ही एकच गोष्ट लहान यंत्राला मोठ्या वाद्यवृंदाइतकीच उत्तम जमते. ती भरून काढली, ती करणाऱ्याने घाबरून. साधने थोडी आहेत म्हणून आपले काम दरिद्री दिसेल, या भीतीने.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मी स्वतःच अनेक महिने घेत होतो. ज्यांनी टंचाई भोगली नाही त्यांनी टंचाईचा वेश घ्यावा, हा नुसता गतकाळाचा उमाळा नव्हे का? काही अंशी आहे. मूळ ध्वनिमुद्रणावर जुनेपणाची कल्हई करून बाजारात मांडलेला माल पुष्कळ आहे. पण नियम मनापासून पाळणारेही आहेत. २००८ साली ‘मेगा मॅन ९’ हा नवा खेळ चित्रांसह, संगीतासह जुन्या फॅमिकॉमच्या धाटणीत केला गेला. २०१४ च्या ‘शॉवेल नाइट’साठी जेक कॉफमन यांनी जपानी कॅसेटींत पूर्वी बसवल्या जाणाऱ्या एका जादा चिपचे तीन आवाज हिशेबात घेतले, त्याबाहेर मात्र नव्या युगाची चैन केली नाही. ही गाणी नवी होती, रूपांतरे नव्हेत. पण बंधन हा वेश न राहता काम करण्याची पद्धत कशी होते, ते त्यांत दिसते.

आणि या आक्षेपाचा सूर आपल्या ओळखीचा आहे. मींड येत नाही, स्वर ठरावीक, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली. तरीही घरोघरी गाणे पोचवले ते पेटीनेच. वरातीत बँडवाल्याच्या क्लॅरिओनेटवर नाट्यपद ऐकून ज्यांनी पुढे मूळ गायकाचा शोध घेतला, असे लोक आपल्यात कमी नाहीत. आणि दोन भाषांत वाढलेल्या आपल्या घरांना हे वेगळे काय सांगावे? शेजारच्या काकूंचे कन्नड बोलणे आजीला मराठीत सांगताना आपण लहानपणापासून हेच करत आलो: सगळे येत नाही, मग काय टाकायचे आणि काय हातचे सोडायचे नाही, ते ठरवतो. काकू रडवेल्या होत्या की चिडल्या होत्या, एवढे पोचले तरी आजीचे काम होई.

म्हणून माझे मत असे झाले आहे. रूपांतर किती जुने वाटते, हे विचारू नये. त्याने काय टाकले आणि का टाकले, हे विचारावे. तिथे उत्तर मिळाले तर ते काम ऐकण्याजोगे. नाही तर ती नुसती कल्हई.

माळावरच्या संगीताविषयी मी भाच्याला हे सगळे सुनावले. दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने नवे रूप ऐकवले. ठेका नव्हता, खर्ज नव्हता. एकाच पल्सवर चार स्वर, त्यांची पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली शेवटची कड, आणि मग काही नाही. इतका वेळ काही नाही, की यंत्र बंद पडले समजून मी हात पुढे केला. तो म्हणाला, ‘‘थांबा मामा, यायचं आहे अजून.’’

प्रतिध्वनीसाठी त्याने दुसरा आवाज वापरला आहे, तो मला अजूनही जास्त वाटतो. तेवढा त्याने काढावा.