उच्च-स्पष्टता तबकडी आणि चित्रपटाचा प्रमाण पाठ : एक चिकित्सा

प्रस्तावना :

प्रती वाढल्या की पाठभेद वाढतात, ही जाणीव मराठी वाङ्मयपरंपरेला जुनी आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच जाणिवेतून. चित्रपटाच्या बाबतीत मात्र ही चिकित्सक दृष्टी क्वचितच बाळगली जाते. घरी चित्रपट पाहणारा रसिक समोरच्या प्रतिमेलाच मूळ कृती समजतो आणि तबकडीचे मोल केवळ तिच्या स्पष्टतेवरून ठरवतो. प्रस्तुत लेखात ब्लू-रे तबकडीचा विचार चित्रपटाची एक 'आवृत्ती' म्हणून केला आहे. स्पष्टता आणि मूळ कृतीशी निष्ठा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

तंत्राची मर्यादा :

डीव्हीडी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या लेझरने वाचली जाते, तर ब्लू-रे ४०५ नॅनोमीटरच्या निळसर-जांभळ्या लेझरने. तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाशाचा ठिपका सूक्ष्म होतो आणि तितकीच माहितीची नोंद दाट करता येते. त्यामुळे एका थरावर ४.७ ऐवजी २५ गिगाबाइट माहिती मावते. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवरील चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते, तर ब्लू-रेवरील १९२० × १०८० बिंदूंचे, म्हणजे पाचपट. याच लेझरवर आधारलेली एचडी डीव्हीडी ही प्रतिस्पर्धी पद्धती २००६ मध्ये बाजारात आली. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने तिच्यातून माघार घेतली आणि स्पर्धा संपली. पुढे २०१६ मध्ये ३८४० × २१६० बिंदूंची अल्ट्रा एचडी ब्लू-रे आली.

या सर्व काळात चर्चा झाली ती प्रामुख्याने क्षमतेची, किमतीची आणि चित्रपटसंस्थांच्या करारांची. तबकडीवरील चित्र कोणत्या निगेटिव्हवरून, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणते बदल करून घेतले, हा मूलभूत प्रश्न मात्र मागे पडला. बिंदूंची संख्या या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

स्पष्टतेचा मोह :

फिल्मवर चित्रित झालेल्या प्रतिमेत प्रकाशसंवेदी लेपाची कणरचना अंगभूत असते. तो दोष नसून त्या प्रतिमेचा पोतच होय. 'प्रिडेटर' (१९८७) या चित्रपटाच्या २०१० च्या ब्लू-रे आवृत्तीत हे कण संगणकीय प्रक्रियेने पुसून टाकण्यात आले. परिणामी पात्रांचे चेहरे मेणाच्या पुतळ्यांसारखे गुळगुळीत दिसू लागले आणि जाणकारांनी या आवृत्तीवर कठोर टीका केली. कणांबरोबर त्वचेचे, वस्त्रांचे आणि पानांचे सूक्ष्म तपशीलही गेले होते. पोथीवरील डाग पुसताना अक्षरेच पुसली जावीत, तसा हा प्रकार झाला.

अधिकाराचा प्रश्न :

विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शित 'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) या चित्रपटाचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. २००९ च्या ब्लू-रेसाठी फ्रीडकिन यांनी स्वतःच चित्रपटाची रंगयोजना बदलली. रंग फिके व थंड झाले आणि कण अधिक उठून दिसू लागले. छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी या रूपाला जाहीर आक्षेप घेतला. २०१२ मध्ये दोघांच्या देखरेखीखाली नवी आवृत्ती निघाली आणि तीत हे बदल मागे घेण्यात आले.

येथे हस्तक्षेप करणारा कोणी तिऱ्हाईत तंत्रज्ञ नसून प्रत्यक्ष दिग्दर्शक होता. तरीही अडतीस वर्षांनंतर स्वतःच्या कृतीकडे वळणारा कलावंत हा एका अर्थी तिचा नवा संपादकच असतो. कवीने उत्तरायुष्यात आपली कविता बदलली, तर समीक्षक दोन्ही पाठ जपतो व त्यांची तुलना करतो. चित्रपटालाही हाच न्याय लावला पाहिजे.

जीर्णोद्धाराचा आदर्श :

याच्या उलट टोकाला सत्यजित राय यांची अपू-चित्रत्रयी आहे. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत तिची मूळ निगेटिव्हे होरपळली. पुढे बोलोन्यातील तज्ज्ञांनी ठिसूळ झालेल्या फिती हाताने दुरुस्त केल्या. 'पथेर पांचाली'च्या निगेटिव्हचा सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'च्या निगेटिव्हचा ६० टक्क्यांहून अधिक भाग उपयोगात आला. 'अपूर संसार'चे मूळ निगेटिव्ह मात्र वापरता आले नाही. उरलेला भाग इतर संग्रहांतील प्रतींवरून पूर्ण करण्यात आला. २०१५ मध्ये क्रायटेरियनने ब्लू-रेवर आणलेली ही आवृत्ती आदर्श ठरते, ती केवळ चित्राच्या तेजामुळे नव्हे. कोणता अंश कोठून घेतला याची नोंद तिच्यामागे आहे, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय.

निष्कर्ष :

ऑनलाइन सेवांमुळे तबकडी कालबाह्य झाली, असे म्हटले जाते. सोय आणि किंमत पाहता त्यात तथ्य आहे. परंतु २०२३ मध्ये अमेरिकेतील काही ऑनलाइन सेवांवर 'द फ्रेंच कनेक्शन'मधील वंशद्वेषी शब्द असलेला एक लहानसा अंश गाळलेला आढळला. तो शब्द निंद्य आहे यात शंका नाही. पण त्यातूनच नायक पोलिसाचे खरे स्वरूप उघड होते. हा अंश गाळला गेला, हे प्रेक्षकांना सिद्ध करता आले, कारण जुन्या तबकड्यांवर तो शाबूत होता. याच चित्रपटाच्या २००९ च्या तबकडीने रंग बदलले होते, हेही विसरता येत नाही. पण तो बदलही आज दाखवता येतो, तो त्या तबकडीमुळेच.

सारांश, तबकडी सत्याची हमी देत नाही. ती साक्ष देते. तिच्यावरील पाठ चुकीचा असू शकतो, परंतु तो परस्पर बदलत नाही आणि म्हणूनच तपासता येतो. ग्रंथपालांनी, चित्रपट मंडळांनी व अभ्यासकांनी तबकड्या निकालात काढण्यापूर्वी एवढा विचार अवश्य करावा. प्रतीच उरल्या नाहीत, तर पाठ शुद्ध कशावरून करणार?