मातीच्या गुरूपुढचे गाणे

एकलव्याची गोष्ट सांगताना अंगठ्यापाशी आलो की वर्ग गप्प होतो, हा माझा नेहमीचा अनुभव. यंदा मात्र सातवीतल्या एका मुलाने भलतेच विचारले, “गुरुजी, तो मातीचा पुतळा त्याच्या चुका कशा दाखवायचा?” मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण त्याच रात्री एक समूहगान ऐकले आणि तो प्रश्न पुन्हा पुढ्यात उभा राहिला.

ते गाणे म्हणजे अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटाकर याने २०१० साली इंटरनेटवर सिद्ध केलेले ‘लुक्स आउरुम्क्वे’. गायक १८५, देश १२, आणि सगळे आपापल्या घरी. व्हिटाकरने आधी समोर कोणी नसताना, निःशब्द खोलीत हात हलवून संचालन केले व त्याचे चित्रण केले. मग ते पाहत पियानोची साथ भरली. गायकांनी ते पाहत आपापला भाग गाऊन पाठवला आणि एका जाणकाराने सारे आवाज एकत्र बसवले. २०११ मध्ये ‘स्लीप’साठी ५८ देशांतून २,०५२ ध्वनिचित्रफिती आल्या, २०२० साली ‘सिंग जेंटली’ या खास नव्या रचनेत १२९ देशांतले १७,५७२ जण गायले.

मग सगळे एकाच वेळी का गात नाहीत? हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दहा मीटरवरच्या सोबत्याचा सूर सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाइतका उशिरा पोचतो. तेवढे कान सांभाळून घेतात. उशीर त्याहून वाढला की लय ओढली जाते, आणि इंटरनेटवरच्या साध्या संभाषणात तो पुष्कळ वाढतो. २०२० च्या टाळेबंदीत मी मुलांकडून मोबाईलवर एकत्र प्रार्थना म्हणवून घेऊ गेलो. जो तो दुसऱ्यासाठी थांबे. प्रार्थना गोगलगाईसारखी सरकू लागली आणि शेवटी हसण्यात बुडाली.

‘लुक्स आउरुम्क्वे’ गोड आहे, यात शंका नाही. संथ, लांबवलेले सूर एकमेकांत विरघळतात. धुक्यातून ऊन झिरपावे तसे वाटते. ही रचना दूरच्या गायनाला मानवते ती या संथपणामुळेच. पण चारदा ऐकल्यावर मला काहीतरी उणे वाटू लागले. आमच्या गावच्या भजनात एखादा टाळकरी पुढे धावला तर पखवाजवाला त्याला डोळ्यांनी आवरतो. इथे संचालकाचा हात गाण्याआधीच हलून गेलेला! गायक चुकला काय, रडला काय, त्या हाताला पत्ता नाही. त्याने हजारो एकटी माणसे जोडली, हे मोठेच काम. पण एवढ्या हजारांपैकी एकेकाचे ऐकून तो उत्तर कसे देणार? हा मातीचाच गुरू.

याच्या उलट २००९ चा यूट्यूब सिंफनी वाद्यवृंद पाहा. वादकांची निवड ध्वनिचित्रफितींवरून झाली, लंडन सिंफनी वाद्यवृंदाच्या कलावंतांनी इंटरनेटवरून धडे दिले, चिनी संगीतकार तान दुन यांनी नवी रचना दिली. पण १५ एप्रिल २००९ रोजी निवडलेली मंडळी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मायकेल टिल्सन थॉमस यांच्यासमोर प्रत्यक्ष बसली. दूरची शिकवणी ही तिथे पायरी होती, गाभारा नव्हे. मला हा मार्ग अधिक पसंत आहे.

तरी प्रत्येकाला कार्नेगी हॉल कुठला? माझी एक जुनी विद्यार्थिनी आडगावात राहते. एस. टी. दिवसातून दोनदा, गाण्याचे गुरुजी कोसभरातही नाहीत. ती स्वतः बांधलेली चाल मोबाईलवर गाऊन शहरातल्या एका गायिकेकडे पाठवते. मागे उत्तर आले, “दुसऱ्या कडव्यात श्वास चोरलास. का?” मुलीने ते कडवे पुन्हा आठवडाभर घोटले. दोघींची अजून भेट नाही, पण त्या एका “का?”पाशी पुतळा बोलला, असे मला वाटते.

तेव्हा अशी ध्वनिमुद्रणे ऐकताना मी आता एवढेच पाहतो: शिष्याचे गाणे गुरूपर्यंत परत पोचले का, आणि गुरूने ते ऐकले का? आवाज किती हजार होते, हा प्रश्न त्यानंतरचा.

दिवाळीची सुट्टी संपली की सातवीतल्या त्या मुलाला सांगणार आहे: पुतळ्याने एकही चूक दाखवली नाही, बाबा. ती त्या पोराला सुटलेल्या बाणाकडे पाहून एकट्याने शोधावी लागली. तुझ्यावर ती पाळी येऊ नये म्हणून तर शाळा.